चावी माझ्या खिशात आहे

"आई, आज डब्यात दोन पोळ्या जास्त टाक गं. छतावर काम आहे, भूक लागते."

लेक सहज बोलून गेली आणि माझ्या हातातलं उलथनं तव्यावरच थांबलं. छत म्हणजे घराची गच्ची नाही हो मैत्रिणींनो! विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनाचं छत. तिथे माणूस उभा राहिला की त्याच्या डोक्याशी येईल अशी तांब्याची तार असते आणि त्या तारेत वीज असते २५ हजार व्होल्टची. आपल्या घरातल्या बटणात असते २३०. म्हणजे शंभरपटीहून जास्त. २३० चा झटका कसा असतो हे मिक्सरची वायर उंदरानं कुरतडली तेव्हा मी एकदा अनुभवलं आहे. बाकी हिशेब तुम्हीच करा.

आमचं गाव रेल्वेचं. जंक्शन, क्वार्टरांच्या रांगा, रात्री-अपरात्री ड्यूटीला जाणाऱ्यांच्या सायकली आणि गावाच्या टोकाला इंजिनं दुरुस्त करण्याची शेड. आमचे 'हे' त्याच शेडमध्ये फिटर होते, आता निवृत्त झाले. मुलीनं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, रेल्वे भरतीची परीक्षा दिली, पहिल्याच खेपेला पास झाली. पेढे वाटले, देवीची ओटी भरली. आणि मग नेमणुकीचं पत्र आलं. टेक्निशियन, इलेक्ट्रिक लोको शेड. ज्या कामाला मी आयुष्यभर घाबरले, त्याच कामावर माझी पोरगी चालली होती.

मी तिच्याशी पंधरा दिवस धड बोलले नाही.

खिळ्यावरची चावी

माझी भीती उगाच नव्हती. १९९३ ची गोष्ट. थंडीचे दिवस होते. शेजारच्या क्वार्टरमधले काका शेडमध्येच कामाला होते. त्या दिवशी एकाच लाइनीवर दोन इंजिनं उभी होती आणि दोन टोळ्या दोन छतांवर काम करत होत्या. वरच्या तारेची वीज बंद करून ठेवली होती. वीज बंद-चालू करायचा जो मोठा दांडा खांबाला असतो, त्याला 'आयसोलेटर' म्हणतात. त्याच्या कुलपाची चावी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत असायची. कुणीही घ्यावी, कुणीही लावावी.

एका टोळीचं काम संपलं. माणसं खाली आली. कुणीतरी ओरडलं, "सगळे उतरले!" कुणीतरी चावी घेतली, दांडा वर केला. काका दुसऱ्या इंजिनाच्या छतावर फडक्यानं चिनी मातीचे इन्सुलेटर पुसत होते.

त्यांनी तारेला हातसुद्धा लावला नव्हता. एवढ्या दाबाची वीज माणूस शिवायची वाट बघत नाही, जवळ गेलं की हवेतून उडी मारते. म्हणूनच रेल्वेत नियम आहे, चालू तारेपासून २ मीटरच्या आत कुणी जायचं नाही. काका तर त्याहून कितीतरी जवळ होते. तिसऱ्या दिवशी ते गेले. वहिनींना दोन लहान मुलं. पुढे त्यांना अनुकंपेवर नोकरी लागली, त्याच रेल्वेच्या ऑफिसात. सकाळी डोक्यावर पदर घेऊन त्या ड्यूटीला निघायच्या, तेव्हा शेडचा भोंगा व्हायचा. त्या भोंग्याच्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी कधी हिंमत झाली नाही.

आता सांगा, मी लेकीला त्याच छतावर कशी जाऊ देऊ?

मी तिला म्हटलं, "ऑफिसात बदली मागून घे. टेबलावरचं काम काय वाईट आहे?" ती म्हणाली, "मुलगा असता तर म्हणाली असतीस?" आमच्या घरात त्या दिवशी जेवणं झाली ती न बोलता.

शेवटी मला समजावलं ते वहिनींनीच. दुपारी भाजी निवडायला त्या आमच्याकडे येतात. माझं रडगाणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मेथीची जुडी सोडता सोडता म्हणाल्या, "वहिनी, आमचा माणूस गेला तेव्हा चावी खिळ्यावर होती. तुमच्या लेकीची चावी कुठे असते, ते आधी विचारा. मग रडा."

कुकरचं झाकण

रात्री मी लेकीला विचारलं, "तुझी चावी कुठे असते गं?" तिला इतका आनंद झाला! पंधरा दिवसांनी आई बोलली, आणि तीही कामाबद्दल. तिनं ओट्यावरचा कुकर उचलून माझ्यापुढे ठेवला.

"आई, हा आतल्या झाकणाचा कुकर. आत वाफ असताना उघडून दाखव."

"उघडतच नाही. वाफ झाकणाला आतून दाबून धरते."

"बरोबर. वाफ आहे तोवर झाकण उघडत नाही. तू विसरलीस, घाईत असलीस, फोनवर बोलत असलीस, तरी उघडत नाही. याला म्हणतात इंटरलॉक. एक गोष्ट झाल्याशिवाय दुसरी होऊच शकत नाही. माणसाच्या आठवणीवर काही सोडायचंच नाही."

मग मला आपल्या घरातले इंटरलॉक एकेक आठवायला लागले. झाकण नीट बसल्याशिवाय न फिरणारं मिक्सरचं भांडं. दार लावल्याशिवाय सुरू न होणारं वॉशिंग मशीन. बँकेतला लॉकर तर आपल्या सगळ्यांच्या माहितीचा. एक चावी आपली, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. आणि माझ्या माहेरचा वायरमन! खांबावर चढण्याआधी तो डीपीतले फ्यूज काढायचा आणि पँटच्या खिशात घालायचा. आम्ही पोरं हसायचो, 'मामा, फ्यूज चोरले!' तो म्हणायचा, 'पोरांनो, खिशात फ्यूज आहे तोवर मी जिवंत आहे.' लेक म्हणाली, "तुझ्या त्या मामाला इंटरलॉक कळला होता, आई. आमच्याकडे तेच आहे, फक्त लोखंडात बसवलेलं."

ही अडकलेल्या चावीची युक्ती मुळात रेल्वेतलीच आणि बरीच जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अॅनेट नावाच्या माणसानं अशी चावी काढली. सिग्नलच्या दांड्यापाशी ती बसवलेली असायची. बाजूच्या रुळाचे सांधे बदलायचे तर तीच चावी काढून न्यायला लागायची, आणि चावी काढली की सिग्नल लाल राहूनच अडकायचा. एकच चावी, दोन कुलपं. दोन्ही एकदम उघडणारच नाहीत. आजही अशा चावीला रेल्वेवाले 'अॅनेट की' म्हणतात. पुढे वीज आली आणि हीच युक्ती विजेच्या कुलपांना लागली.

मी शेडमध्ये जाते

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो. २०२३ साली त्या आठवड्यात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना शेड दाखवायची असं ठरलं. तीस वर्षं ज्या शेडसाठी डबे भरले, तिच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले. वहिनींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बघून या. मला सांगा."

आत गेल्यावर आधी जाणवतो तो वास. ग्रीस, तापलेलं लोखंड आणि वंगणाचा. मग दिसतात ती इंजिनं. रुळावरून जाताना दिसतं त्यापेक्षा जवळून ती फार अजस्र वाटतात. त्यांच्या नावांची गंमत लेकीनं सांगितली. डब्ल्यूएपी-७ मधला पी म्हणजे पॅसेंजर, ती प्रवासी गाडी ओढणार. डब्ल्यूएजी-९ मधला जी म्हणजे गुड्स, ती मालगाडीची. सुरुवातीचा डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ आणि ए म्हणजे एसी वीज. इतकी वर्षं फलाटावर उभी राहून ती अक्षरं वाचली होती, अर्थ त्या दिवशी कळला.

मग तिनं मला चावीचा प्रवास दाखवला. नीट लक्ष देऊन वाचा हं, कारण सगळी मेख यातच आहे.

शेडच्या बाहेर खांबाला तो आयसोलेटरचा दांडा. दांडा खाली ओढला की आतली तार बाहेरच्या चालू तारेपासून तुटते. नुसती तुटत नाही, जमिनीलाही जोडली जाते, म्हणजे तिच्यात काही वीज उरली असेल तर ती जमिनीत जाते. दांडा पूर्ण खाली येऊन अडकला, तरच त्याच्या कुलपातून चावी निघते. अर्धवट ओढलात तर चावी हलत नाही.

ती चावी घेऊन आत यायचं. छताच्या उंचीवर जाणाऱ्या जिन्याला लोखंडी दार आहे. ते दार त्याच चावीनं उघडतं, दुसऱ्या कशानं नाही. आणि दार उघडलं की चावी तिथेच अडकते. दार पुन्हा बंद होऊन कडी बसेपर्यंत चावी बाहेर येत नाही. आता बघा, दार उघडं आहे म्हणजे माणसं वर आहेत. माणसं वर आहेत म्हणजे चावी दारात अडकली आहे. चावी दारात आहे म्हणजे बाहेरचा दांडा कुणाच्या बापाला वर करता येत नाही!

मी विचारलं, "पण समज, एक जण वर राहिला आणि दुसऱ्यानं दार लावून घेतलं तर?"

लेक हसली. "बाबांची बायको शोभतेस." तिनं दाराच्या कडीला लावलेली लोखंडी पट्टी दाखवली. तिला सहा भोकं. वर जाणारा प्रत्येक जण आपापलं छोटं कुलूप त्या भोकात लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. एक जरी कुलूप लटकत असेल तरी कडी बसत नाही. कुलपावर प्रत्येकाचा नंबर. लेकीच्या कुलपाला तिनं लाल दोरा बांधला होता. माझ्या देवघरातला.

एवढ्यावरही थांबत नाहीत. वर गेल्यावर तारेला हात लावण्याआधी तपासायचं, मग अर्थिंगचा रॉड लावायचा. त्याचीही रीत ठरलेली. आधी एक टोक रुळाला घट्ट बांधायचं, मग दुसरं टोक तारेला अडकवायचं. काढताना उलटं, आधी तारेवरून, मग रुळावरून. चुकून क्रम बदलला तर सगळा झटका रॉड धरणाऱ्याच्या अंगावर. हे कशासाठी, तर बंद केलेली तारही पूर्ण निर्जीव नसते. शेजारच्या रुळावरची तार चालू असेल तर तिच्यामुळे हिच्यातही वीज उपजते. 'बंद आहे म्हणजे मेली आहे असं समजायचं नाही, आई. रुळाला बांधली म्हणजेच मेली.'

इंजिनाच्या पोटातल्या चाव्या

शेडच्या कुलपांशिवाय इंजिनाच्या आतही असाच खेळ आहे. इंजिनाच्या डोक्यावर दुमडणारा हात असतो, पेंटोग्राफ. रेल्वेवाले लाडानं 'पेंटो' म्हणतात. तो वर उठतो आणि तारेला टेकून वीज घेतो. त्याला उचलते ती दाबलेली हवा. इंजिनातलं मोठ्या दाबाच्या विजेचं कपाट उघडायचं असेल तर पहिल्यांदा पेंटोची हवा बंद करायची. हवा बंद झाली की एक चावी सुटते. ती चावी दुसऱ्या स्विचला लावायची, तो स्विच छतावरची सगळी यंत्रणा इंजिनाच्या अंगाला, म्हणजे जमिनीला जोडतो. तो फिरवला की आणखी चाव्या सुटतात. त्या चाव्यांनी मग कपाटाचं दार उघडतं. दार उघडं आहे तोवर चाव्या परत येत नाहीत, चाव्या परत आल्याशिवाय हवा सुरू होत नाही आणि हवेशिवाय पेंटो उठत नाही.

मला आमच्या आजीची आठवण झाली. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कणगीची किल्ली कपाटात, कपाटाची पेटीत, पेटीची तिच्या कमरेला. सुनांना वाटायचं सासू संशयी आहे. पण घरातला तांदूळ आषाढापर्यंत पुरायचा तो त्या जुडग्यामुळेच!

घरी येऊन मी वहिनींना सगळं सांगितलं. दांडा, दार, सहा भोकांची पट्टी. त्या पट्टीपाशी त्यांनी मला थांबवलं. "म्हणजे यांचं कुलूप लटकत असतं, तर दार लागलंच नसतं?"

"नसतं लागलं."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "किती रुपयांचं असेल हो ते कुलूप?"

मला उत्तर देता आलं नाही.

पन्नास मिनिटं

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. कुलूप कितीही हुशार असलं तरी त्याची दुसरी चावी कुठेतरी असतेच. खरी गोष्ट त्या दुसऱ्या चावीची आहे.

२०२४ चा पावसाळा. लेकीची रात्रपाळी. एक मालगाडी अडली होती, तिला इंजिन तातडीनं हवं होतं. छतावरचं काम संपलं, माणसं उतरली, पण दाराच्या पट्टीवर एक कुलूप लटकतच होतं. कुलूपवाला हेल्पर मुलगा कुठे दिसेना. त्या रात्री आयसोलेटरची जबाबदारी माझ्या लेकीकडे होती.

वरून फोनवर फोन. मग तिथल्या एका वरिष्ठानं सांगितलं, "वर कुणी नाही, मी स्वतः बघितलंय. कपाटात डुप्लिकेट चावी आहे. ती लाव आणि दांडा वर कर."

डुप्लिकेट चावी लावली की संपलं. दार उघडंच, कुलूप लटकतंच, आणि तार चालू. कुकरची शिट्टी काढून झाकण हातोडीनं उघडण्यातला प्रकार.

लेक म्हणाली, "ज्याचं कुलूप आहे तो समोर आल्याशिवाय मी दांडा वर करणार नाही."

बोलाचाली झाली. 'तू कालची आलेली', 'बायकांना कामाचं गांभीर्य नसतं', जे ऐकवतात ते सगळं ऐकवलं. ती दांड्यापाशी पावसात उभी राहिली. पन्नास मिनिटांनी तो मुलगा सापडला. बोटाला पत्रा लागला होता म्हणून तो दवाखान्यात पट्टी बांधायला गेला होता. कुलपाची चावी त्याच्या खिशात. म्हणजे वर खरंच कुणी नव्हतं. तीही गोष्ट खरीच होती.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या हातात मेमो. इंजिनाला ५० मिनिटं उशीर का झाला, खुलासा करा.

खरं सांगते मैत्रिणींनो, माझा जीव खाली-वर झाला. मी तिलाच बोलले. "अगं, साहेब सांगत होते ना? वर कुणी नव्हतं ना? मग कशाला हट्ट? नोकरी नवी, पुढे बढती आहे, लग्न आहे. माफी मागून टाक."

ती काही बोलली नाही. बोलले ते 'हे'. आमचे हे घरात फार बोलत नाहीत. पेपर खाली ठेवून म्हणाले, "माफी मागायची नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला काय होतंय सांगायला?"

त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी 'सगळे उतरले' असं जो ओरडला ना, तो मीच होतो."

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. तीस वर्षांचा संसार, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती. ते सांगत होते, "आमच्या टोळीचे सगळे उतरले होते. मी आमचीच डोकी मोजली. पलीकडच्या इंजिनावर कुणी असेल हे डोक्यात आलं नाही. मलाही तेव्हा खात्रीच होती की वर कुणी नाही. मी स्वतः बघितलं होतं."

*मी स्वतः बघितलं होतं.* लेकीला सांगितलेलं वाक्य आणि हे वाक्य, अगदी सारखं.

चौकशी झाली होती, जबाब झाले होते, हे मला ठाऊक होतं. पण यांचा शब्द मध्ये होता हे घरात कधी आलं नव्हतं. मी विचारलं, "वहिनींना?" म्हणाले, "तेराव्यालाच जाऊन सांगितलं होतं. पाय धरले होते. त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही नसता ओरडलात तर आणखी कुणी ओरडलं असतं. चावीच खिळ्यावर होती."

त्या बाईनं इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून भाज्या निवडल्या. माझ्या लेकीला न्हाऊ-माखू घातलं. एका शब्दानं मला कळू दिलं नाही.

त्या रात्री बाप-लेकीनं बसून खुलासा लिहिला. मी चहा करून देत होते. खुलाशात तिनं एवढंच लिहिलं की कुलूप लटकत असताना वीज सुरू करण्याची परवानगी नियमात नाही, आणि डुप्लिकेट चावी कुणीही काढू शकेल अशी ठेवू नये. यांनी शेवटी एक वाक्य घालायला लावलं : 'कुलूप काढण्याचा अधिकार फक्त कुलूपवाल्याचा असावा.'

मेमो फाइलला लागला. शिक्षा झाली नाही, शाबासकीही मिळाली नाही. पण दोन महिन्यांनी डुप्लिकेट चावी काचेच्या सीलबंद डब्यात गेली. ती काढायची तर काच फोडायची, वहीत कारण लिहायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. लेक म्हणते, "आई, तेवढं पुरे. काच फोडताना माणूस दोनदा विचार करतो."

आता माझं उत्तर

आपल्याकडे विजेवरची पहिली गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला, मुंबईच्या व्हीटीहून कुर्ल्याला. तेव्हाच्या तारेत १५०० व्होल्ट असायचे. २५ हजारांची पद्धत रेल्वेनं १९५७ मध्ये स्वीकारली. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ मध्ये विजेवर गेला. पुण्या-नागपूरची मेट्रोही याच दाबाच्या विजेवर धावते. म्हणजे जितक्या गाड्या, तितक्या शेडी आणि तितकी छतं. त्यांवर चढणाऱ्या हातांत आता आपल्या मुलींचेही हात आहेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी देशातली पहिली महिला इंजिनचालक म्हणून नाव कमावलं आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. इंजिन चालवणारीचा फोटो पेपरात येतो, यायलाच हवा. पण ते इंजिन रात्री पावसात तपासून देणारी कुणाचीतरी लेक असते, तिचीही आठवण ठेवू या.

आणि घरातही एवढं करू या. गीझर, पंखा, बोअरची मोटर, काहीही दुरुस्त करायला माणूस आला की मेन स्विच बंद करून नुसतं 'बंद केलंय हो' असं ओरडू नका. फ्यूज निघत असेल तर काढून त्याच्याच हातात द्या. नसेल निघत तर बोर्डापाशी घरातलं एक मोठं माणूस उभं करा, आणि काम करणारा स्वतः येऊन 'आता लावा' म्हणेपर्यंत बटणाला हात लावू देऊ नका. पोरांना दळण संपलं की नाही, टीव्ही लागत का नाही, याची फार घाई असते.

परवा लेकीची पुन्हा छतावरची पाळी होती. डबा भरून दिला, दोन पोळ्या जास्त टाकून. ती चपला घालत होती तेवढ्यात वहिनी दारात आल्या. त्यांनी लेकीला नेहमीचा प्रश्न विचारला. हल्ली तो त्या रोजच विचारतात.

"चावी कुठे आहे गं?"

लेकीनं खिशावर हात मारून दाखवला. आत छोटी चावी खणखणली.

"माझ्या खिशात, काकू."

"जा मग," वहिनी म्हणाल्या.